उल्कांसाठी पाहिलेली जागा

डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावाचं यंदा साधनाने नोव्हेंबरातच ठरवून टाकलं. परतवाड्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. गेल्या खेपेला ढगांनी घोळ घातला होता. यंदा चंद्र लवकर मावळणार, मग आभाळ काळंभोर. नववीच्या मुलींना न्यायचं तर गावाच्या उजेडापासून लांब, पूर्वेला मोकळी जागा हवी. म्हणून रविवारी दुपारी ती नवऱ्याला, देवमनला घेऊन मोटारसायकलवर मोर्शीकडे निघाली.

संत्र्याच्या बागांपलीकडे एक बरड टेकाड सापडलं. देवमन मोबाइलवर दिशा बघत होता. पूर्वेकडची झाडं आड येतात का, हे साधना दुर्बिणीतून न्याहाळत होती. त्या भागात हप्ताभर रोज संत्री चोरीला जात होती, हे दोघांना कुठून ठाऊक असणार?

काठ्या घेऊन पाच-सहा माणसं वर चढून आली. पुढे बागेचा मालक, चंद्रभान.

"दुर्बीण लावून माल पाहून राहिले काय बे?"

"नाई भाऊ," देवमन म्हणाला, "आमी तारे पाहाची जागा..."

"भरदुपारी तारे? थांब, दाखोतो तुले!"

पहिली काठी देवमनच्या खांद्यावर बसली. तो पडला, तरी मार थांबेना. साधना मध्ये पडली, तर कुणीतरी तिला केसांना धरून फेकलं. देवमनच्या छातीत काहीतरी कडकन मोडलं, ते तिला ऐकू आलं. मग तिने ओरडणं सोडलं. हाताशी आलेला धोंडा उचलला आणि चंद्रभानच्या तोंडावर घातला. तो गुडघ्यांवर आला. रक्तासोबत दात मातीत पडले. तिने पुन्हा घातला, कानामागे. बाकीचे मागे सरकले. तिसऱ्यांदा हात वर गेला, तेव्हा देवमनने पडल्या पडल्या तिचा पाय धरला.

"बस कर साधना. मरून जाईन तो."

ठाण्यात दोन्ही बाजूंच्या तक्रारी झाल्या. आपसात मिटवा, असं ठाणेदार सांगत होते. चंद्रभानची बायको मनकर्णा हात जोडून म्हणाली, "बाई, माणूस ओळखाले चुकले ते."

"मी नाई चुकली," साधना म्हणाली. "मले मारायचंच होतं त्याले."

ठाणेदारांचं पेन थांबलं. "मॅडम, हे लिहू?"

"लिहा."

अमरावतीच्या दवाखान्यात देवमनच्या छातीला पट्टा बांधला होता. हसलं तरी कळ यायची. चंद्रभान वाचला होता. एका कानाने मात्र त्याला ऐकू येत नव्हतं. ही बातमी साधनानेच देवमनला सांगितली.

"पोरीयचं काय मंग?" देवमनने विचारलं.

"मोठ्या सरांना सांगतलं, शाळेच्या मैदानातच बसवा. उजेड आहे, पण दोन-चार तरी दिसतीन."

"आन् तू?"

तिने तळहाताकडे पाहिलं. धोंड्याने सोललेली कातडी अजून ओली होती.

"मले इतक्यात अंधारात नाई जायचं," ती म्हणाली.

देवमन कण्हत जरा बाजूला सरकला. ती खाटेच्या कडेला टेकली.