बिनहाकेची बरची

गावात अजून म्हणत्यात, आकारामनं, म्हंजे मी, थोरल्या भावाला मुद्दाम बरची मारली. म्हणू देत. तोंडं त्यांची हायत, मी कुणाकुणाच्या तोंडाला हात लावत बसू? पण त्या दिवशी डोहात माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ हंबीरराव, आमचा दादा, हुता, आणि खरं काय झालं ते आमच्या घरातल्यांलाच ठावं हाय.

त्रेपन्न साल, वैशाख. पंचगंगा आटून गावाखाली नुसता डोह उरलाता. दरसाल वैशाखात समद्या गावानं मिळून डोहात मासं मारायचं, ही आमची जुनी रीत. दुपारी म्हशी आत घालून गाळ ढवळायचा. पाणी चहासारखं झालं की मासं दम घ्यायला वर येत्यात. मग गडीमाणसांनी कमरंएवढ्या पाण्यात ओळीनं हुभं ऱ्हायाचं, हातात बरची घिऊन. बरची म्हंजे वेळूची काठी आणि टोकाला लोखंडाचं तीन दात. दाताला उलटा आकडा असतोय. आत गेला की माघारी निघत न्हाय, मांस फाडतोय.

गढूळ पाण्यात शेजाऱ्याचा पाय दिसत न्हाय, म्हणून एक नेम. बरची मारायच्या आधी उजव्या अंगाच्या माणसाला हाक द्यायची. हाक आली की त्यानं पाऊल मागं घ्यायचं आणि "सरलो" म्हणायचं. मगच मारायची. ओळ लागायची ती घरांच्या क्रमानं, आज्या-पंज्यापासनं. त्यामुळं माझ्या उजव्या अंगाला कायम दादाच.

आणि आमचं तर दोन वरसं बोलणं बंद. कशावरनं? फेट्यावरनं. माझ्या लेकीच्या लग्नात पैला फेटा मी व्याह्याला बांधला आणि दुसरा दादाला. पैला मान थोरल्या भावाचा, हे मला कळत न्हवतं व्हय? कळत हुतं. पर व्याही समोर येऊन हुभा, वाजंत्री कान खातंय, गडबडीत हात तिकडं गेला. दादानं फेटा डोक्यावरनं काढला, पाटावर ठेवला आणि जेवायच्या आधी घरला निघून गेला. मी समजूत काढाय जायला पायजे हुतं. मलाबी राग. एवढ्या चारचौघांत माझी शोभा करून गेला, मी का जाऊ? न्हाई गेलो.

तर त्या दुपारी ओळीत हुभा. म्हातारं गणपतराव काठावरनं हुकूम द्यायचं. त्यांनी हात वर केला आणि मासं मारायला सुरवात झाली. आसपास नुसत्या हाका. "बंडू!" "सरलो!" "बाळासो!" "सरलो!" आमच्या दोघांच्या मधी तेवढं गपगार.

मग मरळ वर आली. हातभर लांब, काळीभोर. माझ्या म्होरनं उजवीकडं निघाली. मी बरची उचलली. आता हाक द्यायची. 'दादा', दोनच अक्षरं. तोंड उघडलं बगा मी, देवाशपथ उघडलं. पण जीभ हलंना. म्हटलं, तो चार हात लांब हाय, कशाला हाक पायजे? आणि मारली.

हाताला कळलं. माशात बरची गेली की काठी थरथरती. ही थरथरली न्हाई, जड झाली. दादा वराडला न्हाई. नुसता पाण्यात खाली बसला आणि त्याच्या भवती पाणी तांबडं व्हायला लागलं.

काठावर आणला. गुडघ्याच्या वर चार बोटं, मांडीत एक दात पार आत. बाकीचं दोन बाहीर. चिमणावैनी पळत आली, नवऱ्याचा पाय बघितला, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "फेट्याचा सूड घेतलास व्हय रं?" समदा गाव बघतोय, आणि समद्यास्नी आमचं वाकडं ठावं.

गणपतराव बसलं, जखम बघितली. "माघारी वढली तर शीर तुटंल. पुढंच ढकलून टोक बाहीर काढायचं, कानशीनं आकडा कापायचा, मग वढायची. आणि ढकलायची ती ज्यानं मारली त्यानंच. कुठल्या अंगानं गेलीय ते त्याच्याच हाताला ठावं असतंय."

"त्यो शिवायचा न्हाई माझ्या माणसाला," वैनी म्हणाली. "दुसरं कुणी काढा, न्हाईतर तसंच कोल्हापूरला न्या."

"कोल्हापूर तीन कोस हाय. गाडीच्या हादऱ्यानं दात आत फिरंल आणि वाटंतच मरंल," गणपतराव म्हणालं.

मी शेजारी बसून दादाकडं बघत हुतो. तोंड पांढरं पडल्यालं, डोळं मिटल्यालं. त्यानं काय केलं, तर पाय सरकवला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बोलला न्हाई, बघितलंबी न्हाई.

वेळू तोडला, लोखंड मुठीत धरलं. गणपतराव म्हणालं, "हात थिर ठेव. येक बोट तिरकं गेलं तर भाऊ गेला." मी डोळं मिटलं आणि मारताना खांदा कसा वळलाता ते आठवलं. उजवीकडं, जरा खाली. तसंच ढकललं. पलीकडच्या अंगाला कातडं उचललं, मग टोक बाहीर आलं. कानस चालली. कर कर कर, किती येळ कुणाला ठावं. आकडा तुटून पडला आणि मी वढली. रगत आलं, पण उडालं न्हाई. गणपतरावांनी हळद दाबली. मी तिथंच बाजूला वकलो.

बैलगाडी जुपली. वैनी म्होरं बसली, मी मागं दादाचं डोकं मांडीवर घिऊन. निम्म्या वाटंत मला ऱ्हावलं न्हाई. रडत म्हटलं, "दादा, तुझ्या पायाची आण, मी मुद्दाम न्हाई मारली. मला तुझा पाय दिसला न्हाई."

"ठावं हाय," दादा म्हणाला. दोन वरसांत पैल्यांदा त्याचा आवाज माझ्यासाठी. "मला तुझी बरची दिसलीती."

"दिसलीती?"

"उचललीस तवाच. मरळीपायी माझं पाऊल म्होरं पडलंतं. मागं घेता आलं असतं."

"मग घेतलास का न्हाईस?"

त्यानं डोळं उघडलं. "हाक कुठं आली तुझी? हाकेबिगर मी कशाला सरू? मी थोरला हाय."

वैनीनं मागं वळून आमच्या दोघांकडं बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. आठव्या दिवशी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पाय मांडीतनं कापून काढला, गाळाचं विष चढलंतं. दादाचा जीव वाचला. त्याला मी किती शिव्या घातल्या असतील मनातल्या मनात, त्याला माप न्हाई. पण खरं सांगू का, त्याच्या जागी मी असतो तर मीबी सरलो नसतो.