व्हर्नाच्या नावाचा परवाना

आमच्याकडे शिकारीचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो आणि ऑर्व्हिल ट्वेटचा पुढचा हंगाम सोमवारी सकाळी सुरू होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने एकदा नकाशे पसरले की ते उन्हाळ्यापर्यंत हलत नाहीत. त्याची बायको व्हर्ना ताटं कुठे मांडते, ते तिचं तिलाच ठाऊक. हरणांसाठी कुठे जायचं, सांबराएवढ्या एल्कसाठी कुठे, तंबू कोणत्या ओढ्याकाठी ठोकायचा, वारा फिरला तर कुठल्या अंगाने चढायचं, सगळं ऑर्व्हिल आधी ठरवतो. मी दर गुरुवारी संध्याकाळी तिथे जाऊन बसतो, व्हर्नाने भाजलेला ॲपल-पाय खातो आणि मान डोलावतो.

माझा धंदा मेलेल्या जनावरांची मुंडकी भिंतीवर टांगण्याजोगी करून देण्याचा. मोंटानाच्या या कोपऱ्यात कोणी काय मारलं, हे माझ्यापासून लपत नाही. मित्र असला तरी सांगतो, बेतांच्या मानाने ऑर्व्हिलची मुंडकी माझ्याकडे फार थोडी आली. पण बेत देखणे असतात. रिकाम्या हाताने परतलो तरी आम्ही ठरल्या वेळी परततो.

नकाशावर एक जागा मात्र त्याने काळ्या पेन्सिलीने गिरवून बुजवून टाकली होती. ती त्याच्या थोरल्या भावाची, एमेटची जमीन. नदी वळण घेते तिथे, कुरणं, वाळुंजाची दाट झुडपं, मागे डोंगर. डोंगरावर जायची सरळ वाट तिथूनच. पण आम्ही अर्धा दिवस वळसा घालून पलीकडच्या घाटाने चढायचो आणि तो वळसाही बेतात नीट बसवलेला असायचा.

भांडण एका एल्कवरून झालं होतं. दोघे भाऊ टेकडीच्या दोन बाजूंना बसले होते, दोघांनी एकदमच बार काढला, एल्क एकच पडला. ‘माझी गोळी आधी लागली,’ असं दोघांचंही म्हणणं. मुंडकं माझ्याकडे आलं. मग दोघे वेगवेगळ्या दिवशी येऊन मला विचारून गेले, गोळी कोणाची? मी म्हटलं, “बाबांनो, माझ्याकडे फक्त मानेपासून वरचा भाग आलाय आणि त्याला एकही भोक नाही.” दुसऱ्याला द्यायचं नाही, अशी दोघांनीही ताकीद दिली. त्यामुळे तो एल्क माझ्या दुकानात लटकला आहे आणि गिऱ्हाइकं त्याची किंमत विचारतात.

पुढे एमेटची बायको लोरेन वारली. ऑर्व्हिल अंत्यविधीला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि नंतरच्या जेवणाआधी निघून गेला. व्हर्ना मात्र थांबली, भांडी घासून आली. घरी तिने त्याला एका शब्दानेही छेडलं नाही. पण त्या हिवाळ्यात गुरुवारी मला ॲपल-पाय मिळाला नाही.

आता मूसबद्दल, म्हणजे घोड्याहून उंच, फताड्या शिंगांच्या हरणाबद्दल. हरणाचा परवाना दुकानात मिळतो, मूसचा सोडतीत निघतो. आमच्या गावात असे म्हातारे आहेत की जन्मभर अर्ज भरत आले, चिठ्ठी निघाली नाही. ऑर्व्हिल त्याच रांगेतला. दरवर्षी अर्ज भरायचा, दरवर्षी नकार घ्यायचा. मग त्याने डोकं चालवलं आणि व्हर्नाच्या नावानेही अर्ज भरू लागला. “दोन चिठ्ठ्या असल्या की संधी दुप्पट,” तो मला म्हणाला. व्हर्ना सही करायची आणि पुन्हा कणीक मळायला लागायची.

जूनमध्ये निकाल लागला. ऑर्व्हिलला नकार. व्हर्नाला परवाना.

मी गेलो तेव्हा तो खुशीत होता. “गस, आपल्याला मूस मिळाला!”

“आपल्याला नाही,” व्हर्ना भांडी पुसत म्हणाली. “मला.”

“हो गं, तेच ते.”

“तेच ते नाही. मागे छापलंय वाचून बघ. माझा परवाना, माझी बंदूक, माझी गोळी. तू चाप ओढलास तर तुरुंगात जाशील. मी डबा घेऊन भेटायला येईन.”

ऑर्व्हिलने माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीतल्या ॲपल-पायकडे पाहिलं.

तरी तो हरला नाही. बायकोचा परवाना म्हणून त्याने आयुष्यातला सगळ्यात भव्य बेत आखला. भाड्याने घोडे, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात मुक्काम, पहाटे कड्यावरून टेहळणी, मूस दिसला तर पाण्यापासून लांब येईपर्यंत वाट पाहायची. पाण्यापासून लांब, हे तो दर गुरुवारी बजावायचा. “मूस पाण्यात पडला तर संपलं. अर्धा टन मांस. कोण काढणार बाहेर?” व्हर्ना ऐकून घ्यायची. दिवसा मात्र ती वडिलांची जुनी रायफल घेऊन गावाबाहेरच्या खाणीत जायची आणि रिकाम्या डब्यांवर नेम धरायची. ती गुराख्याची मुलगी, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. त्या डब्यांची अवस्था पाहून मला तरी आठवलं.

सप्टेंबरच्या एका गुरुवारी ऑर्व्हिल घोड्यांच्या खोगिरांबद्दल बोलत होता. व्हर्ना मध्येच म्हणाली, “घोडे नकोत. मला मूस सापडलाय.”

“कुठे?”

“एमेटच्या वाळुंजात. मी फोन केला होता. म्हटलं, तुझ्याकडे मूस आहे का? म्हणाला, आहे, लेकाचा रोज कुंपण मोडतो. म्हटलं, मारू का? म्हणाला, ये.”

ऑर्व्हिल म्हणाला, “मी त्या फाटकाच्या आत पाय ठेवणार नाही.”

“नको ठेवूस. गस येईल.”

“मला कोणी विचारलंच नाही,” मी म्हणालो.

“येशील ना?”

“येईन.”

ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडून वितळल्यावर आम्ही गेलो. ऑर्व्हिलही आला, बायकोला माझ्या भरवशावर पाठवायला तो काही राक्षस नव्हता. फाटकापर्यंत गाडी त्यानेच चालवली आणि इंजिन बंद करून आत बसून राहिला. नारिंगी बंडी, गळ्यात दुर्बीण, मांडीवर थर्मास. शिकारीला निघालेला माणूस दिसावा तसा तो पुरेपूर दिसत होता.

एमेट फाटकाशी आला होता. सत्तरी उलटलेली, एक गुडघा पार कामातून गेलेला. त्याने गाडीकडे पाहिलं नाही, गाडीतल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. “ये व्हर्ना,” एवढंच म्हणाला आणि लंगडत पुढे चालू लागला.

मूस गवताच्या गंजीमागे उभा होता. खरंच. ज्याच्यासाठी घोडे भाड्याने घ्यायचे होते, तो एमेटच्या गुरांसाठी रचलेलं गवत खात होता. आम्हाला पाहून तो आरामात झुडपांकडे निघाला. व्हर्ना कुंपणाच्या खांबाला टेकली, श्वास सोडला आणि बार काढला. गोळी नेमकी फुप्फुसात. मूस दचकला, थोडा चालला, बीव्हर नावाच्या प्राण्यांनी ओढ्याला बांध घालून केलेल्या तळ्यात शिरला, मधोमध गेला, आणि तिथे अगदी शांतपणे आडवा झाला. पाण्यावर एक शिंग तेवढं राहिलं.

व्हर्नाने बंदूक उतरवून रिकामी केली. “किती मोठा आहे रे,” ती हळूच म्हणाली आणि डोळे पुसले. मग नाक शिंकरून म्हणाली, “आता?”

एमेटने ट्रॅक्टर आणला, साखळी आणली. साखळी बांधायला कोणीतरी पाण्यात उतरायला हवं होतं. माझ्या पाठीची तक्रार साऱ्या गावाला माहीत आहे. मी काही बोलायच्या आत एमेट तसाच, मोडक्या गुडघ्यासकट, कमरेएवढ्या पाण्यात शिरला. पाणी इतकं गार की तो शिव्याही देऊ शकला नाही.

मी फाटकाकडे पाहिलं. ऑर्व्हिल गाडीबाहेर आला होता. दुर्बीण डोळ्यांना लावून बघत होता. एमेटने साखळी मूसच्या मागच्या पायांना गुंडाळायला घेतली, तसा ऑर्व्हिल जागच्या जागी एक पाय उचलायचा, दुसरा टेकवायचा. शेवटी त्याने फाटक ढकललं आणि कुरणातून धावतच आला. हा माणूस डोंगरातसुद्धा कधी धावलेला मी पाहिला नव्हता.

काठाशी येऊन तो ओरडला, “मागून नाही! पुढून बांध, शिंगांना! मागून ओढलास तर केस उलटे फिरतील, चिखलात रुतेल!”

इतक्या वर्षांनंतर भावाशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द.

एमेट वळला. ओठ निळे पडले होते. “एवढं कळतं तर ये की आत!”

“येतोच!”

आणि तो बुटांसकट उतरला. मग दोघे गळ्याइतके भिजले आणि घसा फोडून भांडले. साखळी कुठून घ्यायची यावरून सुरुवात झाली आणि गाडी थेट त्या जुन्या एल्कवर गेली.

“तुझी गोळी पोटात लागली होती!” एमेट.

“पोटात लागली असती तर तो तिथेच पडला असता का?”

“पडला माझ्या गोळीने!”

“तू तर डोळे मिटून चाप ओढतोस! लहानपणापासून!”

“धर ते शिंग, गाढवा, बुडतंय!”

“धरलंय!”

व्हर्नाने ट्रॅक्टर सुरू केला. साखळी ताणली गेली, मूस हलला, आणि त्याला दोन बाजूंनी रेटत दोघे भाऊ चिखलातून वर आले. काठावर आल्यावर बोलायला कोणाच्या दातांना उसंत नव्हती. व्हर्ना म्हणाली, “घरात जा दोघं. सोलायला मी आणि गस आहोत.” माझ्या पाठीचा विचार या वेळीही कोणी केला नाही.

आतडी काढून, मांस वारा लागेल असं टांगून आम्ही घरात गेलो तेव्हा दोघे शेगडीपाशी बसले होते. ऑर्व्हिलच्या अंगात एमेटची पँट होती, घोट्याच्या खूप वर आणि पोटावर घट्ट. भिंतीवर लोरेनचा फोटो. व्हर्नाने कॉफी ओतली.

ऑर्व्हिल कपाकडे बघत म्हणाला, “लोरेनच्या वेळी मी जेवायला थांबायला हवं होतं.”

एमेटने गुडघा चोळला. म्हणाला, “जेवण खूप उरलं होतं.”

“हो का?”

“आठवडाभर हॅम खाल्लं मी. एकटा.”

ऑर्व्हिलने मान खाली घातली. व्हर्ना खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी साखर नसलेल्या कॉफीत चमचा ढवळत बसलो.

यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं, असं वाटत असेल तर तुम्हाला ट्वेट माहीत नाहीत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या पहिल्याच गुरुवारी एमेट येऊन बसला, व्हर्नाने केलेला मूसच्या मांसाचा रस्सा दोनदा वाढून घेतला आणि ऑर्व्हिलचा बेत मोडायला लागला. हरणांचा भाग चुकीचा. तंबूची जागा ओली. पलीकडच्या घाटाने जायचं कारणच काय, माझ्या कुरणातून सरळ वाट आहे, आंधळे आहात का? ऑर्व्हिल लालबुंद. मी दोघांच्याही बोलण्याला मान डोलवायचो, त्यामुळे दोघेही माझ्यावर चिडायचे. जानेवारी संपला तरी एक दिवससुद्धा ठरला नव्हता.

फेब्रुवारीत एमेटच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात त्याला घेऊन ऑर्व्हिलच गेला. मीही होतो सोबत. तिथल्या नर्सने विचारलं, “पेशंटचे आपण कोण?”

“भाऊ,” ऑर्व्हिल म्हणाला, आणि लगेच एमेटकडे वळून, “पण एल्कसाठी पहिला आठवडा नाही म्हणजे नाही. तेव्हा सगळ्या शहरी लोकांची गर्दी असते.”

“दुसऱ्या आठवड्यात एल्क खाली उतरलेले असतात, मठ्ठा.”

“आजोबा, शांत पडून राहा,” नर्स म्हणाली आणि खाट ढकलू लागली. दारापाशी एमेटने मान वर करून भावाकडे पाहिलं. चेहरा जरा उतरला होता. दंडातल्या सुईकडे आणि मग ऑर्व्हिलकडे बघत म्हणाला, “मी भूल घेऊन पडलेला असताना काही ठरवू नकोस हं.”

“नाही ठरवत. जा तू.”

दार मिटलं. ऑर्व्हिल थोडा वेळ त्या दाराकडे बघत उभा राहिला. मग माझ्या शेजारी येऊन बसला, डोळे कोरडे केले, आणि एमेट शुद्धीवर यायच्या आत सगळा हंगाम ठरवून मोकळा झाला.