उजव्या कडेला राहिलेल्या ओळी

मी एक जुनं वेबपेज आहे, मित्रांनो. हसू नका. म्हातारपण काय फक्त बैलांना आणि छकड्यांनाच येतं होय? मला पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि आमच्या जातीत एवढं वय म्हणजे पतवंडं बघितल्यासारखंच आहे.

माझा जन्म रहिमतपुरात, हुसेन मुलाणींच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये झाला. हुसेनभाईंचं गाव तिथनं जवळच, आणि त्या गावात घराआड एक फौजी. गावच्या सगळ्या आजी-माजी जवानांची माहिती एका जागी असावी, ही त्यांची हौस. म्हणून त्यांनी मला तयार केलं. डावीकडे फोटो, मग नाव, मग पलटण आणि नोकरीची वर्षं, आणि पार उजव्या कडेला प्रत्येकाचं मनोगत, असा माझा ऐसपैस चार खणांचा तक्ता होता. मोठ्या मॉनिटरवर उघडलो की अख्खा पडदा माझाच. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला लय गर्व होता.

सुभेदार आकाराम माने माहिती द्यायला आले, तो दिवस मी विसरलेलो नाही. खुर्चीतही ते ताठ बसले. नाव, पलटण, वर्षं त्यांनी भराभर सांगितली. मनोगताला मात्र गाडी अडली.

शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "हुसेन, ही गोष्ट मला घरात बोलता आली न्हाई. तू लिव. लिवलेलं ऱ्हातंय."

हुसेनभाईंनी ओळी टाइप केल्या आणि त्या माझ्या उजव्या कडेला येऊन बसल्या. त्या सुभेदारांच्या बायकोसाठी, बनुबाईंसाठी होत्या. बनुबाईंना वाचता येत नव्हतं. पण कुणीतरी वाचून दाखवेलच, असं सुभेदारांना वाटलं. फौजी माणूस, त्याला काय माहीत जग कसं बदलतं ते!

सुरुवातीची वर्षं माझं कौतुकच कौतुक झालं. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीत मला उघडायचे आणि लोक आपापल्या माणसाचा फोटो शोधायचे; कडेची मनोगतं वाचायला मात्र कुणी थांबायचं नाही. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आले. त्या टीचभर काचेत मी कसा मावणार? माझे दोन-अडीच खण दिसायचे आणि उरलेला मी काचेबाहेर. 'हे पान काही नीट दिसत नाही' असं म्हणून लोक मला बंद करायचे. हळूहळू कुणी उघडेनासं झालं.

त्यातच सुभेदार गेले. तेरावं झाल्यावर एके दुपारी त्यांच्या सुनेनं, पूजानं, मला फोनवर उघडलं आणि सासूला वाचून दाखवायला लागली. बनुबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांच्या मनात एक जुनं दुखणं होतं, ते त्यांनी त्या दिवशी सुनेपुढे काढलं. दर सुट्टी संपली की त्या नवऱ्याला फाट्यापर्यंत सोडायला जायच्या, आणि अठ्ठावीस वर्षांत त्या माणसानं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं. आपण त्याला नकोशा तर नव्हतो ना, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

"आजून काय लिवलंय गं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच हाय, आत्याबाई," पूजा म्हणाली.

पूजाची काही चूक नव्हती. तिला पलटणीपर्यंतच दिसत होतं. बोटानं मला जरासं ओढलं असतं, तर उत्तर समोर होतं. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण मला तेव्हा तोंड कुठं होतं? पुढची पाच वर्षं मी त्या ओळी उराशी धरून बसलो आणि बनुबाईंची वाट बघितली.

मग कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली राजेश्वरी आली. जुनी पानं मोबाईलवर नीट दिसावीत, त्यांनी बोलावं आणि बोललेलं त्यांना समजावं, असं काम तिनं हाती घेतलं होतं. तिनं माझे खण सोडवले आणि एकाखाली एक मांडले. जड होतात म्हणून फोटो तेवढे काढून टाकले. आणि मला आवाज दिला! आता नाव सांगितलं की मी सगळं वाचून दाखवणार होतो, अगदी मनोगतासकट. मी नुसता उतावीळ झालो.

ग्रामपंचायतीत बायका जमल्या. कुणी लेकाचं नाव घेतलं, कुणी भावाचं, आणि मी घडाघडा वाचत गेलो. बनुबाईंची पाळी आली. "नाव सांगा," मी म्हणालो.

बनुबाई हळूच म्हणाल्या, "आमचं मालक."

"असं नाव सापडलं नाही," मी म्हणालो. मला शिकवलेलं तेवढंच. त्यांनी "पूजाचं सासरं" म्हणून बघितलं, "मान्यांचं सुभेदार" म्हणूनही बघितलं. मी आपला तेच पालुपद. माझी मलाच लाज वाटली. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

राजेश्वरीनं नाव घ्यायचा आग्रह केला, तशा बनुबाई म्हणाल्या, "आगं बाय, त्यांचं नाव मी जित्तेपणी कवा घेतलं न्हाई, आन् आता घिऊ व्हय?"

दुसरी कुणी घेते म्हणाली, तर राजेश्वरीनं तिला थांबवलं. आज तुम्ही आहात, उद्या आजी घरात एकट्या असताना कोण घेणार, असं म्हणून ती फोन घेऊन गेली. आठ दिवसांनी ती बनुबाईंच्या घरी आली, तेव्हा माझे सगळे फोटो परत जागेवर होते. बोलायचं असेल तर बोला, नाहीतर फोटोवर बोट ठेवा, असं तिनं मला नवं शिकवलं होतं.

बनुबाईंनी नवरा लगेच ओळखला. बोट पदराला पुसलं आणि फोटोवर ठेवलं. मी नाव वाचलं, पलटण वाचली, आणि मग त्या ओळी वाचल्या: "सुट्टी संपली की घरची फाट्यापर्यंत सोडायला यायची. मी कवाच मागं वळून बघितलं न्हाई. तिला वाईट वाटायचं, मला ठावं हाय. पर बघितलं असतं, तर गाडीत बसलोच नसतो."

बनुबाई फोटोला म्हणाल्या, "आवं, मग तवाच सांगायचं न्हाई का?"

आता रोज जेवण झालं की त्या फोटोवर बोट ठेवतात, ऐकतात आणि तोच प्रश्न विचारतात. मित्रांनो, आमच्यासारखी जुनी पानं पुसून टाकण्याआधी त्यांच्या कडेला काय राहिलंय ते एकदा बघत जा. पण घरच्या माणसाला सांगायचं ते आमच्याकडं ठेवू नका, त्याच्या तोंडावर सांगा. मी बनुबाईंना त्या ओळी हजार वेळा वाचून दाखवीन. त्या विचारतात त्याचं उत्तर मात्र माझ्यात कुठंच लिहिलेलं नाही.