मासुयो आजींची इयत्ता

कामितानी वाडीत घरं अकरा, माणसं चौदा, आणि त्यांत सगळ्यात तरुण मी, त्रेसष्ट वर्षांची. म्हणून म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम माझ्याकडे. पालिकेच्या कागदावर मी मदतनीस, वाडीच्या तोंडी 'आमची पोरगी'.

मासुयो आजी एकोणनव्वदच्या. त्यांच्याकडे मी आठवड्यातून तीनदा जायचे. कुणाला किती मदत द्यायची हे पालिका इयत्ता लावून ठरवते, आणि ही शाळा उलटी आहे. जितके नापास व्हाल तितकी वरची इयत्ता. इयत्ता घसरली की तीन दिवसांचा एक दिवस होतो. एका दिवसावर आजींचं भागणार नव्हतं, आणि मुलगा काझुओ हिरोशिमाहून सांगून बसला होता, "तसं झालं तर आईला मी इकडे आणणार." तिकडे म्हणजे चौथ्या मजल्यावर.

"चौथ्या मजल्यावर मुळे कुठे लावू? त्याच्या टकलावर?" आजी म्हणायच्या.

ऑक्टोबरात पत्र आलं. पालिकेच्या निवाबाई अमुक तारखेला पाहणीला येणार. मी आजींना बजावलं, "आहात तशाच राहा. जमत नाही ते जमतं म्हणू नका."

"मी काय खोटारडी आहे?"

घोळ तारखेनेच केला. तारीख देऊन येतो तो पाहुणा. आदल्या दिवशी शेजारच्या ओनोदांनी अंगणातलं गवत काढलं, त्यांच्या बायकोने लोणचं आणलं, तिसऱ्या घरातून नवं आसन आलं. आणि मी, एवढं बजावणारी शहाणी, न्हाणीघर घासून लखलखीत करून ठेवलं. शहरातली बाई येणार, तिने वाडीला नावं ठेवायला नकोत!

निवाबाई पुढच्या दाराने आल्या, तर आजी ठेवणीतले कपडे घालून, गुडघे मोडून स्वागताला बसलेल्या. एका पायावर उभं राहता येतं? राहिल्या. तारीख, ऋतू, वय? बिनचूक. आंघोळ? "माझी मी करते." चहाही स्वतः ओतला. बाई गेल्यावर तिथेच आडव्या झाल्या, त्या दोन दिवस उठल्या नाहीत.

"कशी झाली परीक्षा?" पडल्या पडल्या विचारलं.

"पैकीच्या पैकी मार्क."

"मग तोंड का असं केलंयस?"

महिन्याने निकाल लागला. आठवड्यातून एक दिवस. काझुओने ट्रक ठरवायला घेतला. मी बस पकडून पालिकेत गेले, फेरपाहणीचा अर्ज दिला आणि निवाबाईंना म्हटलं, "या वेळी तारीख कळवू नका. माझ्या कामाच्या दिवशी या, पण मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने. आम्ही सगळे तिथूनच जातो."

"नियमात बसतं का ते?"

"दार कुठलं हे नियमात लिहिलंय का?"

बाईंनी खरोखरच पुस्तिका उघडून पाहिली. "नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या.

डिसेंबरात एका सकाळी मी नुकतीच येऊन परसातल्या न्हाणीघरात आंघोळीचं पाणी तापवत होते, तेव्हा मागच्या दारातून हाक आली, "आहात का घरात?"

"ये आत, मला उठवत नाही," रजईखालून आजी ओरडल्या. "गॅस बंद आहे का बघ गं, कालच्यासारखा राहिला असेल."

गॅस चालूच होता. पातेल्याचं बूड काळंठिक्कर. निवाबाईंनी गॅस बंद केला, आत आल्या आणि सांगितलं, "मी निवा, पालिकेची."

आजींनी उठायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कलंडल्या, तेव्हा बाईंनीच धरलं.

"बाहेर जा!" आजी बाईंच्या हातातूनच म्हणाल्या. "पुढच्या दाराने या! आणि जरा वेळाने या!"

बाईंनी त्यांना नीट बसवलं आणि कागद काढला.

या खेपेला इयत्ता पूर्वीपेक्षाही वर गेली. आठवड्यातून चार दिवस. काझुओचा ट्रक रद्द झाला. वाडीने मला शाबासकी दिली, एक आजी सोडून.

"पाहुणीला चुलीपाशी घेतलंस," त्या म्हणाल्या, "आता तुझ्याशी बोलायची नाही मी."

शब्दाच्या पक्क्या. आज बारावा दिवस. मी गेले की मुकाट्याने हात वर करतात, मुकाट्याने पाठ फिरवतात. पाणी फार कढत असलं तर भिंतीला सांगतात, आणि मी थंड मिसळते.