कुंकू लागलेली निळी काच

मी एक काच आहे. तळहाताएवढी, गडद निळी, सागवानी चौकटीत बसवलेली, खाली दांडा असलेली. दुरून पाहिलं तर कुणालाही वाटावं, बाईमाणसाचा हातआरसा आहे. पण माझ्यात कुणी आपलं तोंड पाहत नाही. माझ्यातून आग पाहतात.

आज बोलायला बसले आहे ती स्वतःचं कौतुक सांगायला नाही. माझ्यापायी एका माणसाचा हात भाजला. देवापुढे दिवा लावून बसलं की मनातलं आपोआप ओठांवर येतं ना, तसं हे येऊ दे.

माझा जन्मही भट्टीतलाच. कुठल्या गावच्या, ते ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा मी नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका काचवाल्याच्या फळीवर होते. बाहेर हातगाड्यांची रेटारेटी, "सरको भाऊ, सरको" असा दिवसभर गलका. एके दिवशी जाड भुवयांचे एक गृहस्थ आले, मला उचलून त्यांनी सूर्याकडे धरलं आणि म्हणाले, "हेच पायजे." ते मनोहरराव. नागपूरबाहेरच्या एका वीज केंद्रात बॉयलरवर कामाला होते. चौकट त्यांनी स्वतः रंधा मारून केली.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा भट्टी पाहिली आणि माझ्या जन्माची भट्टी मला चूल वाटायला लागली. दहा मजली उंच ती भट्टी. कोळसा तिथं भाकरीच्या पिठाहून बारीक दळतात आणि वाऱ्याच्या झोतानं आत फुंकतात. भिंतीत वीतभर खिडक्या असतात. त्यांतून उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर नुसता पांढरा लखलखाट, दुसरं काही दिसत नाही. मला डोळ्यांपुढे धरलं की मात्र आग शांत होते, जांभळी होते, आणि तिच्या आतलं दिसू लागतं.

आत काय पाहायचं? गुळाचा पाक कढईच्या काठाला धरतो, तशी वितळलेली राख भट्टीच्या भिंतीला धरते. तिचे गड्डे होतात, लोंबतात. कामगार त्यांना क्लिंकर म्हणतात. काही गड्डे म्हशीएवढे. भट्टीच्या बुडाशी पाण्याचा हौद असतो. राख त्यात पडते आणि कधी कधी तुंबते. मग खालचा माणूस हौदाचं छोटं दार उघडून लांब सळीनं ती मोकळी करतो. त्या वेळी वरून मोठा गड्डा सुटला, तर उकळतं पाणी आणि वाफ दारातून बाहेर येते. म्हणून रीत अशी, की खालच्यानं दार उघडण्याआधी वर फोन करायचा. वरच्यानं खिडकीतून पाहायचं. "वर साफ आहे," असं त्यानं म्हटल्याशिवाय खालच्यानं कडीला हात लावायचा नाही.

म्हणजे पाहा, खालच्या माणसाचा जीव वरच्याच्या डोळ्यांत. आणि वरच्याचे डोळे माझ्यात.

मनोहरराव निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला रुपरावांच्या हाती दिलं. रुपराव त्यांच्या हाताखाली तयार झालेले, सरळ, अबोल. मनोहरराव म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात ठेव गा. काचेवर राख बसते, डाग पडते. पाहताना काच जराशी हालवायची. जे काचेसंगं हालते ते काचेवरचं. जे हालत नाही ते भट्टीतलं."

रुपराव हसून म्हणाले, "दोनशे वेळा सांगतलं तुम्ही."

"मंग दोनशे एकव्यांदा आयक."

रुपरावांनी ते बारा वर्षं पाळलं. पाहायचं, मला डावीकडे-उजवीकडे हलवायचं, मगच फोन उचलायचा.

रुपरावांच्या बायकोचं नाव कामिनी. मी तिला वर्षातून एकदाच भेटायची, खंडे नवमीला. बाकी घरांत त्या दिवशी विळे, कोयते, शिलाई मशीन पूजेला लागतात. कामिनी म्हणायची, "आपलं घर ज्याच्यावर चालते ते पूजेत पायजे." म्हणून रुपराव मला पिशवीत घालून घरी आणायचे. भट्टीच्या धगीत वर्ष काढलेल्या माझ्यासारखीला देवीच्या घटाजवळ, झेंडूच्या वासात बसायला मिळायचं. कामिनीचे नऊ दिवसांचे कडक उपास असायचे. ती मऊ फडक्यानं मला पुसायची, दांड्याला हळदीचं बोट लावायची आणि हलक्या आवाजात बोलायची, "यायच्या डोळ्याची राखण कर वं माय."

मागल्या वर्षी तिच्या मनात काय आलं कोण जाणे. त्या महिन्यात रुपरावांचे डोळे सारखे चुरचुरायचे आणि ती काळजीत होती. हळदीचं बोट तिला पुरेसं वाटलं नसावं. तिनं तेलात कुंकू कालवलं आणि ठसठशीत टिळा लावला. दांड्याला नाही. काचेला. अगदी मधोमध.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? मी सुखावले. कपाळाला कुंकू लागल्यासारखं वाटलं. माझ्या अपराधाची सुरुवात तिथं आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा. रुपरावांची सकाळची पाळी. भट्टीला सण नसतो. ते मला उचलायला गेले तर कामिनी म्हणाली, "न्या, पण टिळा नोका पुसू. संध्याकाळी सोनं वाटलं का मी पुसते. पूजेतलं हाये."

"अवं, पाहाचं असते त्याच्यातून."

"एक दिवसानं काय होते? अन् लवकर या. तुमी आल्यावर नऊ दिवसाचा उपास सोडीन."

त्यांनी मला तसंच पिशवीत घातलं. नऊ दिवसांच्या उपाशी बाईशी कोण वाद घालतं?

दुपारी एकच्या सुमारास खालून फोन आला. खाली ताराचंद होता. खापा गावचा पोरसवदा गडी, ठेकेदाराकडे कामाला. बोलण्यात मोठा मिश्कील.

"रुपराव भाऊ, हौद तुंबला. वरतं पाहा बरं. अन् पुरणपोळी आठवून पाहू नका, भट्टी आठवून पाहा."

रुपराव हसले. खिडकी उघडून त्यांनी मला डोळ्यांपुढे धरलं. जांभळी आग. आणि मधोमध एक काळसर डाग.

तो डाग त्यांच्या ओळखीचा होता. बायकोच्या हातचा. म्हणून त्यांनी मला हलवलं नाही.

बारा वर्षांत पहिल्यांदा. हात बोटभर हलला असता, तर माझ्यावरचा टिळा हलला असता आणि त्याच्यामागे दडलेला गड्डा जागच्या जागी दिसला असता. मला ओरडता आलं असतं तर! पण काचेला आवाज फक्त फुटताना येतो.

"साफ आहे का भाऊ?" ताराचंदनं विचारलं. आणि जरा थांबून पुन्हा, "नक्की ना?"

"साफ आहे," रुपराव म्हणाले.

मग खालून आवाज आला. बंब उलटावा तसा. आणि त्याच्या पाठोपाठ माणसाचा.

ताराचंदचा जीव वाचला. तोंड त्यानं वेळेवर फिरवलं होतं. उजवा हात मात्र कोपरापर्यंत भाजला. त्या संध्याकाळी कामिनीनं उपास सोडला नाही. रुपराव हात-पाय न धुता भिंतीला टेकून बसले होते. "ताराचंदले लागलं," एवढंच बोलले. आपट्याची पानं तबकात तशीच सुकली. मी पिशवीतच राहिले, टिळ्यासकट.

चौकशी झाली. साहेबानं विचारलं, "वरून साफ आहे म्हणून सांगितलं होतं का?" रुपराव खाली पाहत म्हणाले, "मले नीट आठवत नाही." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा ते असं अर्धंच असतं. पण अर्ध्यानंही काम होतं. ठेकेदारानं ठरवलं, की ताराचंदनं न विचारता दार उघडलं. त्याचा गेट पास काढून घेतला. हात बरा झाला तरी त्याला पुन्हा आत येता येणार नव्हतं.

रुपरावांनी मला घरी नेऊन कपाटात, जुन्या स्वेटरांच्या मागे ठेवलं. अंधारात मी आणि माझ्या कपाळावरचं कुंकू. मी त्याला विचारायची, दोष तुझा की माझा? ते बिचारं काय सांगणार. तेलामुळे ते वाळतही नव्हतं.

बाहेरून कामिनीचा आवाज यायचा. तिनं ताराचंदच्या हातासाठी अकरा मंगळवार धरले होते. "माय, त्याचा हात बरा होऊ दे. कामाचा हात हाये." दर मंगळवारी ते ऐकून मला आपल्या चौकटीत तडकून जावंसं वाटायचं.

तिसऱ्या मंगळवारी, दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा, तिचा हात स्वेटरांमागे गेला. मला बाहेर काढून ती पाहतच राहिली.

"आवो, हे इथं काहून? अन् टिळा अजून तसाच?"

रुपराव बाजेवर बसले होते.

कामिनीनं मला सहज डोळ्यांपुढे धरलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घराचं अख्खं दार टिळ्यामागे झाकलं गेलं होतं.

"त्या दिवशी यातूनच पाह्यलं का तुमी?"

"हो."

"अन् सांगतलं साफ हाये म्हणून?"

रुपरावांनी मान हलवली. मग एकदम बोलू लागले. "मले वाटलं तुझं कुंकूच दिसून राह्यलं. काच हालवली नाही मी. मनोहररावानं जन्मभर सांगतलं, अन् नेमकी तवाच हालवली नाही. तुझं काही नाही त्याच्यात, कामिनी. माझं हाये."

"कुंकू मी लावलं."

"मी पुसून घेऊ शकत होतो."

"मीच नाही म्हटलं."

दोघंही दोष आपल्याकडे ओढत होती. मला वाटलं, थोडा मलाही द्या.

मग कामिनी खाली बसली. ती म्हणाली, "तीन मंगळवार झाले, मी देवीपाशी त्याचा हात मागून राह्यली. देवी म्हणत असन, हे बाई हात मागते अन् त्याच्यावरचा आळ घरात लपवून ठेवते. उपासानं पोट रिकामं होते, मन नाही होत. चला."

"कुठं?"

"खाप्याले."

"सण तोंडावर हाये वं. अन् नोकरीवर आलं तर?"

"येऊ द्या. मी लोकाइची धुणीभांडी करीन, पण हे घेऊन देवापुढं नाही बसत."

तिनं मला पुसलं नाही. तसंच पदराखाली घेतलं.

खाप्याला ताराचंदचं घर कन्हान नदीकडे जाणाऱ्या उतारावर. ओट्यावर त्याची आई जिजाबाई तूर निवडत होती. ताराचंद आत खाटेवर, हात उशीवर ठेवून. रुपरावांना पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"या भाऊ. आज कशी आठवण झाली? मी म्हटलं, तुम्हाले माझं नावही आठवत नसन."

टोमणा बरोबर बसला. रुपराव उभेच होते. कामिनीनं मला पदराखालून काढून खाटेवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. काहीच वगळलं नाही. हळदीचं बोट, तेलातलं कुंकू, "नोका पुसू" म्हटलेलंही.

ताराचंदनं डाव्या हातानं मला उचललं. दाराकडे धरलं. सावकाश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवलं.

"हालवली असती तर दिसला असता," तो म्हणाला.

"हो," रुपराव म्हणाले. "उद्या साहेबाले लेखी देतो. मी साफ म्हटलं होतं म्हणून. तू दोनदा विचारलं होतं, तेही लिहितो."

ताराचंदनं मला खाटेवर ठेवलं. जिजाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "कुंकवाले बोल नोको लावू वं बाई," ती कामिनीला म्हणाली. "पण पोरगं माझं तीन हप्ते खोटं ठरलं. येता-जाता लोकं म्हणत, तुह्या पोरानंच दार उघडलं. ते भाजण्याहून जास्ती दुखलं त्याले."

कामिनीनं तिचे पाय धरले. जिजाबाईनं लगेच उठवलं नाही. जराशानं उठवलं. चहा झाला तेव्हा ताराचंद हळूच म्हणाला, "वयनी, आता तरी काही खा. माझ्या हाताच्या नावानं उपाशी राहाल तर हात घाबरते माझा." त्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. रुपराव मात्र नाही.

त्यांनी लेखी दिलं. त्यांना बॉयलरवरून काढून गोदामात बसवलं, पदोन्नती अडली. ताराचंदवरचा आळ निघाला, गेट पास परत मिळाला. पण उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. सळी धरता येत नाही. म्हणून आता तो वरच्या मजल्यावर असतो, खिडकीशी. रुपरावांनी मला त्याच्या डाव्या हातात दिलं आणि मनोहररावांचं वाक्य सांगितलं. "दोनशे दोनव्यांदा," म्हणाले.

कामिनीनं अकरा मंगळवार पुरे केले. तिचा देवावरचा विश्वास उणा झाला नाही, आणि व्हावा असं मलाही वाटत नाही. यंदाच्या खंडे नवमीला मी खाप्याला होते. ती मुद्दाम आली. पाटावर मला पाहून जिजाबाईनं कुंकवाची कोयरी पुढे केली, तशी कामिनीची बोटं क्षणभर अडखळली. मग तिनं ओल्या पदरानं माझी काच लख्ख पुसली आणि टिळा दांड्याला लावला, जिथं हात धरतो तिथं.

माझं सगळ्या आयाबहिणींना एवढंच मागणं आहे. आम्हाला पूजेत जरूर बसवा. आमच्यावर माणसं जगतात. पण ज्यातून कुणी पाहतं, त्याला आधी पुसा. देवीला स्वच्छ काचेचा राग येत नसावा.

मी निर्दोष झाले असं समजू नका. काच आणि चौकट यांच्या फटीत त्या वर्षीचं कुंकू अजून आहे. कडेला, केसाएवढी लाल रेघ. कितीही पुसलं तरी निघत नाही, आणि निघावी असं मला वाटत नाही.

दसऱ्याच्या दिवशी खालून फोन आला. ताराचंदनं खिडकी उघडली, मला डोळ्यांपुढे धरलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. माझ्याबरोबर फक्त ती लाल रेघ हलली. आत जांभळी आग होती, आणि भिंतीला काही लोंबत नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा मला हलवून पाहिलं. मगच त्यानं फोनवर सांगितलं, "वर साफ आहे."