कुशलच्या आधीची जागा

वादविवाद स्पर्धेत मी पहिली आले, त्याच दिवशी अम्मीने तो फॉर्म घरी आणला. स्पर्धेचा विषय होता ‘किमान वेतन वाढवावे का?’ आणि मी ‘वाढवावे’च्या बाजूने. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात उत्तर द्यायला हातसुद्धा वर करत नव्हते. यंदा विरोधी बाजूची राजनंदिनी म्हणाली, पगार वाढवले तर मालक माणसं कमी करतील. मी तिथल्या तिथे विचारलं, “मग तुमचा जिना कोण झाडणार? तुम्ही?” अख्खं सभागृह हसलं. परीक्षकसुद्धा.

तर फॉर्म. अम्मी सदाशिव पेठेत एका क्लासेसच्या इमारतीत साफसफाईला आहे, ठेकेदाराकडून. सरकारने किमान वेतनाचा दर वाढवला म्हणून ठेकेदाराने सगळ्यांचे फॉर्म नव्याने मागवले होते. एका रकान्यात लिहायचं होतं : कुशल, अर्धकुशल की अकुशल.

“कुशल म्हणजे बरं असणं ना? पत्रात लिहितात ते?” अम्मीने विचारलं.

“इथे म्हणजे काम नीट येणारी.”

“मग लिही तुला वाटेल ते.”

मी लिहिलं, कुशल. फरशी घासायचं मोठं मशीन तिथे फक्त अम्मीला चालवता येतं. बिघडलं की उघडते पण तीच. त्यात विचार कसला करायचा.

शनिवारी दुपारी सुपरवायझर बापूरावांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांची खोली जिन्याखाली. दाराबाहेर बाकावर तीन बायका बसल्या होत्या. आम्हाला वाट द्यायला त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशव्या उचलून मांडीवर घेतल्या.

“अक्षर सुरेख आहे,” बापूराव मला म्हणाले. “भाभी, तुमच्या घरात कुशल माणूस आहेच की. फक्त ते तुम्ही नाही.”

“काका, अम्मी मशीन चालवते. दुरुस्तही करते.”

“आमची ही मिक्सर चालवते. तिला इंजिनिअर म्हणू?” त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. “अकुशलचा दर वाढला म्हणूनच ठेकेदार कुरकुरतोय. त्यात मी कुशल पाठवली, तर सोमवारी यांच्या जागी दुसरी बाई. पाठवू? सांग, पाठवतो.”

“मग तीन मजले कोण पुसणार?” मी विचारलं. स्पर्धेतल्याच आवाजात.

बापूराव हसले नाहीत. त्यांनी नुसतं दाराबाहेर बाकाकडे पाहिलं.

“मिसबा,” अम्मी म्हणाली, “दुरुस्त कर.”

“चुकलेलं नाहीये, अम्मी.”

“माहितीये. कर.”

“खाडाखोड नको हां,” बापूराव म्हणाले. “फॉर्म परत येतो.”

खाडाखोड करावी लागलीच नाही. सुरुवातीला बोटभर जागा सोडून लिहायची मला पहिलीपासून सवय आहे. त्या जागेत ‘अ’ नीट बसला. आधीपासून तिथेच असल्यासारखा. मला वाटलं होतं रडू येईल, निदान राग तरी. काहीच आलं नाही. मी पेनाला टोपण लावलं.

बापूरावांनी दारातूनच बाकावरच्या बायकांना सांगितलं, “आज काही नाही. नंबर देऊन जा.” त्या पिशव्या घेऊन उठल्या.

बाहेर येऊन अम्मीने फरशीवर पाणी ओतलं आणि मशीनची वायर लावली.

“कडेने जा,” ती म्हणाली. “ओलं आहे.”

मी कडेने गेले.