जावयाची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. आज माझ्यात फारसा जीव उरलेला नाही. पण एके काळी पारोळ्यातल्या आमच्या गल्लीत माझ्याएवढी ताठ उशी दुसरी नव्हती, आणि तेच माझे दुर्दैव.

माझा जन्म साक्रीचा. लेकीच्या लग्नात जावयाला उंच, टणक उशी द्यायची, ही नथ्थूआबांच्या घरची रीत. नासीर पिंजाऱ्याने कापूस पिंजला आणि म्हणाला, "नथ्थूभाऊ, दीड किलो बस्स हाय. जास्ती भरली तर गर्दन अकडंल."

आबा गुरगुरले, "तीन भर! जवाईनी उशी शे, हलकी नको."

झाले! मला ठासून भरले आणि चारी बाजूंनी दुहेरी टाके घातले. त्या दिवसापासून मी कोंडलेली ती कोंडलेलीच.

जावई देवचंद जीप चालवायचा. बसून बसून पोट सुटले, मान जाड झाली, संध्याकाळी दारूचा एखादा पेलाही होऊ लागला. तो उताणा झोपला की माझ्या उंचीमुळे त्याची हनुवटी छातीला टेके. जीभ मागे पडे, घशातली वाट अरुंद होई आणि त्या फटीतून हवा जाताना टाळू, पडजीभ थरथरू लागे. तेच ते घोरणे. शेजारची भागाबाई हसून म्हणे, "बठ्ठी गल्ली जागी व्हयनी रे देवचंद!" सारी गल्ली जागी होई, तरी लोक म्हणत, किती गाढ झोपतो बघा!

गाढ कसली, डोंबलाची? घोरता घोरता ती वाट पुरती बंद होई. छाती धडपडे, पण हवा आत जात नसे. मग तो गुदमरून दचके आणि पुन्हा घोरू लागे. सकाळी डोके ठणके, दिवसा डोळ्यांवर झापड. मी त्याच्या डोक्याखाली दबलेली. भीतीने माझा कापूस गोठून जाई, पण करणार काय?

त्यात त्याच्या बायकोची, लिलाबाईची माया! घोरणे वाढले की तिला वाटे, उशी बसली. मग ती मला उन्हात तापवी, बडवी. एकदा तर तिने माझ्यात आणखी कापूस कोंबून आणला. बिचारी आपल्याच हातांनी नवऱ्याचा गळा आवळत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

एक्क्याण्णव साली भर दुपारी, नशिराबादला लग्नाला जाताना, देवचंदला जीप चालवता चालवता डुलकी लागली. जीप मुरुमाच्या ढिगावर चढली. लोक खरचटण्यावर वाचले, लिलाबाईचा हात मोडला. सगळे म्हणाले, नजर लागली. लिंबू उतरवून टाकले आणि देवचंद पुन्हा माझ्यावरच झोपला.

लिलाबाईच्या हाताला प्लास्टर, म्हणून भागाबाई दुपारच्या भाकरी टाकायला येई. एके दिवशी देवचंद घोरत होता आणि एकाएकी आवाज थांबला. भागाबाईचा हात परातीतच राहिला. ती ओरडली, "लिला, हाऊ श्वास लेत नही वं! उठाड त्याले!" लिलाबाईने त्याला गदागदा हलवले, तेव्हा कुठे तो गुदमरून जागा झाला.

दुसऱ्याच दिवशी देवचंदला जळगावला दवाखान्यात नेले आणि तो कशावर झोपतो ते दाखवायला चादरीत गुंडाळून मलाही. डॉक्टरीणबाईंनी मला दाबून पाहिले. "ही उशी आहे की धोंडा?" मग त्या गंभीर झाल्या. देवचंदचा रक्तदाब वाढला होता. "कुशीवर झोपा, वजन उतरवा, दारू बंद. आणि बरे वाटेपर्यंत जीप चालवायची नाही. पुढच्या वेळी हातावर भागणार नाही."

घरात पातळ उशी आली. आठ दिवसांनी नथ्थूआबा लेकीला बघायला आले आणि मला कोपऱ्यात पाहून संतापले. त्यांनी दिलेली उशी फेकली म्हणजे काय! जन्मात बापापुढे मान वर न केलेली लिलाबाई रडत रडत म्हणाली, "आबा, तुमनी उशी राखू का मनं कुकू राखू?"

आबा खाली बसले. मग त्यांनीच कात्री मागितली, माझे टाके उसवले आणि मूठमूठ कापूस बाहेर काढला. मला रडू आले, मित्रांनो. सुटल्याचे रडू होते ते.

तुमच्या घरी कुणी घोरत असेल तर नुसते हसू नका. हातातले काम ठेवून थोडा वेळ ऐका. आवाज थांबला, तर श्वास चालू आहे ना, एवढे बघा आणि अडत असेल तर डॉक्टरांना सांगा. मी पाच वर्षे सारे ऐकत होते, पण मी पडले उशी. तुम्हाला तर बोलता येते.